पाणपक्षी, कॅमेरा आणि अंतर

थंडीच्या दिवसांत सहलीला निघणाऱ्या कुटुंबांच्या यादीत तीर्थक्षेत्रे, थंड हवेची ठिकाणे आणि समुद्रकिनारे यांच्या जोडीला आता भिगवणचे नावही येऊ लागले आहे. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर, इंदापूर तालुक्यात हे गाव आहे. दुकानाची साप्ताहिक सुटी साधून पहाटेच्या अंधारात निघालेली कुटुंबे सूर्योदयाच्या सुमारास जवळच्या कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावर पोहोचतात. आजी-आजोबांच्या अंगावर शाली, मुलांच्या हाती दुर्बीण आणि घरातील एखाद्या तरुणाच्या खांद्यावर हातभर लांबीची लेन्स असे दृश्य आता तेथील रहिवाशांच्या सवयीचे झाले आहे.

हा छंद चांगला आहे. त्यात निसर्गाचा सहवास आहे, पहाटे उठण्याची शिस्त आहे आणि तीन पिढ्यांना एकत्र रमवणारे काहीतरी आहे. परंतु या छंदाचा खर्च केवळ छायाचित्रकाराच्या खिशातून होत नाही. त्याचा काही भाग पक्ष्याच्या खात्यावर पडतो. तो किती पडावा, हे कॅमेरा हाती घेणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असते.

बुडालेल्या जमिनीवरची पेठ

भीमा नदीवर उजनी येथे बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या यशवंतसागर या जलाशयाखाली अनेक गावे, शेते आणि देवळे गेली. पाणी फार खाली उतरले की पळसदेवचे प्राचीन मंदिर आजही उघडे पडते आणि त्या बुडालेल्या जगाची आठवण करून देते. धरणाच्या भिंतीजवळ हा जलाशय खोल आहे. भिगवणच्या बाजूला मात्र तो पसरट आणि उथळ होत जातो. हाच उथळपणा पक्ष्यांच्या उपयोगी पडला.

पावसाळ्यानंतर भरलेले पाणी शेतीसाठी कालव्यांतून सोडले जाते. हिवाळा सरत जातो तशी पातळी उतरते आणि काठावरची गाळाची जमीन थोडी थोडी उघडी पडते. त्या ओल्या चिखलात कीटकांच्या अळ्या, गांडुळे, गोगलगायी आणि शिंपले असतात. लांब पायांनी उथळ पाण्यात आणि चिखलात चालत अन्न टिपणाऱ्या पक्ष्यांसाठी ही रोज नवा माल मांडणारी पेठच असते.

या पेठेत गर्दी असूनही फारशी स्पर्धा नाही, कारण प्रत्येकाचे गिऱ्हाईकपण वेगळे आहे. गुलाबी, काडीसारख्या पायांचा शेकाट्या पाण्याच्या पृष्ठभागावरचे किडे अलगद टिपतो. पाणटिवळा आपली लांब सरळ चोच चिखलात मुळापर्यंत खुपसतो आणि टोकाच्या संवेदनेने न दिसणारे अन्न ओळखतो. छोटा चिखल्या चार पावले धावतो, थांबतो, पाहतो आणि मग चोच मारतो. चमचा आपली चपटी चोच पाण्यात डावीकडून उजवीकडे विळ्यासारखी फिरवतो. चित्रबलाक चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात बुडवतो आणि मासा स्पर्श करताच ती मिटतो. रोहित, म्हणजे अग्निपंख, डोके उलटे करून पाणी गाळतो. ढोकरी तर कोठे जातच नाही. ती काठावर ध्यानस्थ उभी राहते आणि अन्नानेच आपल्याकडे यावे अशी वाट पाहते.

छायाचित्रकाराला हे माहीत असणे फार उपयोगाचे आहे. चिखल्या कोठे थांबेल, शेकाट्या मान कधी वर करील, चित्रबलाकाची चोच कधी मिटेल हे ज्याला आधी कळते, त्याचे बोट योग्य क्षणी कळ दाबते. उत्तम उपकरणापेक्षा हे ज्ञान अधिक छायाचित्रे मिळवून देते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

पक्ष्याची वही

व्यापारी घरात जमाखर्चाची वही कशी असते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. पक्ष्याचीही अशी एक वही असते. तिच्यात जमा होते ते टिपलेले अन्न आणि खर्च पडते ती उडण्यात, ऊब राखण्यात आणि सावध राहण्यात गेलेली शक्ती.

टिलव्याचे उदाहरण घ्यावे. चिमणीएवढा हा पक्षी भिगवणच्या चिखलात थव्याने दिसतो. त्याचे वजन पंचवीस-तीस ग्रॅमच्या आसपास असते. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात तो अंडी घालतो आणि हिवाळा काढण्यासाठी हजारो किलोमीटर उडून भारतात येतो. वसंतात त्याला तेवढेच अंतर परत कापायचे असते. त्या प्रवासाचे इंधन म्हणजे अंगावर साठवलेली चरबी. ती चरबी येथील चिखलातच, एकेक अळी टिपून जमवावी लागते. मध्य आशियाई उड्डाणमार्ग या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि ३० देशांना जोडणाऱ्या या वाटेवर भिगवणसारखी ठिकाणे प्रवाशाच्या शिदोरीची दुकाने आहेत.

आता सकाळच्या चरण्याच्या वेळी एक होडी थव्याकडे सरळ येते. थवा उडतो, गिरकी घेतो आणि दूर जाऊन बसतो. माणसाच्या दृष्टीने एका मिनिटाचे मनोहर दृश्य झाले. पक्ष्याच्या वहीत मात्र दोन नोंदी झाल्या. उड्डाणाचा खर्च वाढला आणि त्या वेळात व्हायची जमा बुडाली. रोहितासारख्या मोठ्या पक्ष्याला तर हवेत उठण्यापूर्वी पाण्यावर पंख मारत धावावे लागते. एक होडी गेली की दुसरी येते. दिवसभरात हे किती वेळा घडते, याचा हिशेब कोणीच ठेवत नाही, तरी वही भरत असतेच. अशी तूट रोज पडत राहिली, तर प्रवासाच्या दिवशी भांडवल अपुरे पडते. दूरच्या वाटेवर अपुऱ्या भांडवलाचा अर्थ काय होतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

हातातील लेन्सचा मोकळेपणा

पक्षीछायाचित्रण पूर्वी फार खर्चाचे आणि कष्टाचे काम होते. डॉ. सालिम अली यांचे मित्र लोके वान थो हे सिंगापूरचे मोठे उद्योजक होते. चित्रपटगृहांचा व्यवसाय सांभाळून त्यांनी पक्ष्यांची छायाचित्रे घेतली, सालिम अलींच्या मोहिमांना सढळ हाताने साहाय्य केले आणि १९५७ मध्ये आपल्या छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी अवजड कॅमेरा तिकाटण्यावर बसवून, आडोशामागे लपून तासन्‌तास वाट पाहावी लागे. स्वतः सालिम अलींचाही व्यापाराशी संबंध आला होता. तरुणपणी ते ब्रह्मदेशात घरच्या व्यवसायासाठी गेले होते आणि परतल्यावर मुंबईत वाणिज्य कायदा व हिशेबशास्त्र शिकले होते. व्यवसाय आणि पक्षिप्रेम ही एकाच घरात नांदू शकतात, याची ही दोन थोर उदाहरणे आहेत.

आता परिस्थिती बदलली आहे. चारशे ते सहाशे मिलिमीटरपर्यंत पोहोचणाऱ्या झूम लेन्स दीड-दोन किलो वजनात मिळतात. हाताचा कंप सावरणारी यंत्रणा त्यांच्यात असते. त्यामुळे तिकाटण्याशिवाय, केवळ हातात धरून छायाचित्र घेणे शक्य झाले आहे. भिगवणच्या होडीत तर हाच मार्ग सोयीचा आहे. तिकाटणे होडीच्या फळीवर ठेवले की यंत्राची थरथर आणि पाण्याचे हेलकावे थेट कॅमेऱ्यात उतरतात. माणसाचे शरीर मात्र ते हेलकावे झेलून घेते.

हातात लेन्स धरण्याचीही एक रीत आहे. डाव्या हाताचा तळवा लेन्सच्या खाली, तिचा तोल जेथे साधतो तेथे असावा. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकलेली असावीत. कॅमेरा कपाळाशी घट्ट लावावा, श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबावा आणि कळ झटका न देता दाबावी. होडीत उभे राहू नये, फळीवर किंवा तळाशी बसावे. त्यामुळे तोल राहतो, पक्ष्याला माणसाची उंच आकृती दिसत नाही आणि कॅमेरा पक्ष्याच्या नजरेच्या पातळीला येतो. वरून घेतलेल्या छायाचित्रात पक्षी चिखलाला चिकटल्यासारखा वाटतो. त्याच्या पातळीवरून घेतलेल्या छायाचित्रात तो आपल्या जगात उभा असलेला दिसतो.

काठावर बसताना गुडघ्यावर कोपर टेकवावे. लेन्स सतत डोळ्याशी धरू नये, कारण पाच मिनिटांत हात भरून येतात आणि नेमक्या क्षणी थरथरतात. उघड्या डोळ्यांनी पाहत राहावे आणि पक्ष्याची हालचाल ओळखून मगच लेन्स उचलावी. तीही हळूहळू उचलावी. झटकन वर आलेली काळी नळी पक्ष्याला भीतिदायक वाटते.

वेग आणि प्रकाश

जुना नियम असा की, लेन्स जितक्या मिलिमीटरची, तितक्याने सेकंदाला भागावे आणि शटरचा वेग निदान तेवढा ठेवावा. म्हणजे पाचशे मिलिमीटरला १/५०० सेकंद. कंप सावरणाऱ्या यंत्रणेमुळे यात सूट मिळते. परंतु ती यंत्रणा हाताची हालचाल सावरते, पक्ष्याची नव्हे. स्थिर उभ्या बगळ्याला १/२५० सेकंद पुरतो. लगबगीने चरणाऱ्या टिलव्याला १/१००० आणि उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून अधिक वेग लागतो. प्रकाश कमी असल्यास आयएसओ वाढवावा. थोडे दाणेदार छायाचित्र नंतर सुधारता येते, हललेले सुधारता येत नाही.

पाणथळीत पांढऱ्या पक्ष्यांची अडचण मोठी असते. बगळा किंवा चमचा गडद पाण्यासमोर उभा असला की कॅमेरा फसतो आणि पिसांचा तपशील जाऊन पांढरा डाग उरतो. अशा वेळी प्रकाशमान थोडे कमी करावे. याउलट चकाकत्या पाण्यासमोर गडद रंगाचा पक्षी असेल, तर ते थोडे वाढवावे. पहिली दोन-चार छायाचित्रे घेऊन पडद्यावर तपासून पाहण्याची सवय ठेवली की दिवस वाया जात नाही.

प्रकाश उत्तम असतो तो सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत. तो तिरपा, उबदार आणि मऊ असतो, आणि पक्षी भुकेले असल्याने चरण्यात मग्न असतात. नवकारसी पाळणाऱ्या कुटुंबांना तर ही वेळ अधिकच सोयीची आहे. सूर्योदयानंतरच्या ज्या ४८ मिनिटांत मुखात काही घ्यायचे नसते, तीच छायाचित्रणाची सर्वांत मोलाची मिनिटे असतात. डबे त्यानंतर उघडावेत. ऊन चढले की पाण्यावरची हवा तापून लहरू लागते आणि दूरच्या पक्ष्याची कडा कितीही महागड्या लेन्सने स्पष्ट येत नाही.

पक्षी काय सांगतो

हातातील लेन्सने माणसाला हिंडण्याची मोकळीक दिली. पूर्वी आडोशामागे बसलेला छायाचित्रकार जागचा हलू शकत नसे आणि पक्षीच आपल्या मर्जीने जवळ येई. आता माणूस पक्ष्याच्या मागे जाऊ शकतो. म्हणून अंतराचा प्रश्न आज अधिक महत्त्वाचा झाला आहे.

किती जवळ जावे, याचे उत्तर फुटपट्टीने देता येत नाही. ते पक्षीच देतो. चरणारा पक्षी मान खाली ठेवून आपल्या कामात असतो, तोवर सर्व ठीक आहे. त्याने मान ताठ केली, चरणे थांबवले आणि एका डोळ्याने रोखून पाहिले, की ती पहिली सूचना समजावी. तो दुसरीकडे चालू लागला, डोके वरखाली हलवू लागला किंवा ओरडला, तर ती दुसरी. तिसरी सूचना म्हणजे उड्डाण, आणि तोवर उशीर झालेला असतो. टिटवी तर सबंध पाणथळीची राखणदार आहे. ती ओरडली की इतरांच्याही माना वर होतात.

पहिल्या सूचनेलाच थांबावे. होडीचे यंत्र बंद करण्यास सांगावे आणि स्वस्थ बसावे. थोड्या वेळाने पक्ष्याची मान पुन्हा खाली जाते. कित्येकदा तो चरत चरत स्वतःच होडीच्या दिशेने येतो. या क्षणी मिळणारे छायाचित्र पाठलाग करून मिळवलेल्या छायाचित्राहून नेहमीच सरस असते. एकात पाठ फिरवून पळणारा भयभीत जीव दिसतो, दुसऱ्यात आपल्या उद्योगात रमलेला.

थव्याकडे नाकासमोर न जाता कडेने, तिरपे जावे. पक्षी लहान दिसत असेल, तर तो तसाच येऊ द्यावा. मागचे धुके, मच्छीमाराचे जाळे, उसाच्या शेताची हिरवी रेघ आणि पाण्यातील प्रतिबिंब यांसह आलेला छोटा शेकाट्या, चौकट भरून टाकणाऱ्या शेकाट्याहून अधिक काही सांगतो. तो पक्षी कोठे आणि कशावर जगतो, हे त्यातून कळते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी आणखी एक काळजी घ्यावी लागते. टिटवी आणि शेकाट्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात. ती मातीच्याच रंगाची असल्याने पायाखाली आली तरी दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून आकांत करू लागली, तर घरटे शोधण्याचा मोह टाळून आल्या वाटेने मागे फिरावे. मादी अंड्यांवरून उठली की तापलेल्या उन्हात ती थोड्या वेळातही नासू शकतात. घरट्यांची छायाचित्रे अनेक छायाचित्रण स्पर्धा आता स्वीकारतच नाहीत.

गिऱ्हाईक मागेल तसा बाजार

भिगवणचे बहुतेक नावाडी मच्छीमार कुटुंबांतील आहेत. हिवाळ्यात पाहुण्यांना पक्षी दाखवणे हा त्यांच्यासाठी उत्पन्नाचा दुसरा आधार झाला आहे. कोणता थवा आज कोठे उतरला आहे, हे त्यांच्याइतके कोणत्याही पुस्तकाला ठाऊक नसते. पक्षी टिकले तर आपली रोजी टिकेल, हेही त्यांना कळते.

तरीही होडी थव्यात घातली जाते. कारण होडीत बसलेल्या पाहुण्याला उडत्या रोहितांचा गुलाबी पट्टा छायाचित्रात हवा असतो आणि त्यासाठी तो वर काही रक्कम देण्यास तयार असतो. येथे दोष केवळ नावाड्याला देणे न्यायाचे होणार नाही. गिऱ्हाईक जे मागते तेच बाजारात येते, हा नियम व्यापारी समाजाला सर्वांत आधी कळतो. म्हणूनच यातील बदल घडवणेही त्याच्याच हाती आहे. होडीत बसण्यापूर्वी एवढेच सांगावे, “दादा, पक्षी उडवायचे नाहीत. लांबूनच दाखवा, घाई नाही.” फेरी संपल्यावर बक्षीस द्यायचे, ते याच कारणासाठी द्यावे आणि कारण बोलून दाखवावे. पाच कुटुंबांनी असे केले, तर सहाव्या कुटुंबाला ते सांगावेही लागणार नाही.

रोहित आपणहूनही उडतात. एका जागेचे अन्न संपले किंवा आकाशात शिकारी पक्षी दिसला की ते उठतात. त्या क्षणाची वाट पाहणारा छायाचित्रकार कदाचित एका सकाळी रिकाम्या हाताने परतेल. पण ज्या दिवशी तो क्षण येईल, त्या दिवशीच्या छायाचित्राचे कोणाचेही देणे राहणार नाही.

दुसरी गोष्ट खाऊ घालण्याची. पक्ष्यांना दाणे घालण्याची परंपरा अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यामागे दयाभाव आहे. परंतु मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटींवर किंवा एखाद्या जलाशयावर कुरव पक्ष्यांना शेव, गाठिया आणि वेफर घातले जातात, तेव्हा त्या दयेचा उपयोग होत नाही. तळलेले, खारट पदार्थ हे त्यांचे अन्न नव्हे. पोट भरते, पोषण होत नाही, आणि माणसाच्या हाताकडे पाहण्याची सवय लागते. पाणथळीवरच्या पक्ष्याला त्याचे अन्न त्याच्या चिखलात मिळते. तेथे त्याला निर्वेधपणे चरू देणे, हीच त्याच्यावरची खरी जीवदया आहे.

जाण्यापूर्वी

नोव्हेंबर ते मार्च हा काळ सामान्यतः उत्तम. भिगवणखेरीज नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूरमधमेश्वर अभयारण्य आहे. तेथे काठावरून आणि मनोऱ्यांवरून पक्षी पाहता येतात. महाराष्ट्रातील ते पहिले रामसर पाणथळ स्थळ आहे. मुंबई परिसरातील कुटुंबांना ठाण्याची खाडी जवळ पडते. तिलाही २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले.

पहिल्याच सहलीसाठी मोठी लेन्स विकत घेण्याची घाई करू नये. पुण्या-मुंबईत ती एक-दोन दिवसांसाठी भाड्याने मिळते. हाताला वजन झेपते का आणि मनाला छंद रुचतो का, हे आधी पाहावे. कपडे मातकट किंवा मळखाऊ हिरवे असावेत, भडक नसावेत. मोबाइलचा आवाज बंद ठेवावा. मुलांच्या हाती कॅमेऱ्याऐवजी प्रथम दुर्बीण आणि एक छोटी वही द्यावी. दिसलेला पक्षी, त्याची चोच, त्याची खाण्याची रीत आणि संख्या त्यांनी टिपावी. नोंद ठेवण्याची सवय या घरांत जुनीच आहे, केवळ खाते नवे उघडायचे आहे.

त्या वहीत मुलांना आणखी एक रकाना आखून द्यावा, ‘आपल्यामुळे उडालेले पक्षी’. संध्याकाळी घरी परतल्यावर कॅमेऱ्यातील छायाचित्रे सर्वजण पाहतीलच, त्याआधी हा रकाना वाचावा. तो कोरा असेल, तर सहल नफ्यात झाली असे समजावे.